गुहागरला नेलेलं साठ लिटर पाणी

ज्या वस्तूला स्क्रू आहे ती वस्तू देवाने उघडण्यासाठीच केलेली आहे, असं माझी धाकटी नणंद मानते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नवऱ्याची बहीण म्हणून तिला ‘वन्सं’ आणि ‘अहो’ म्हणायचं, ते अजून म्हणते. इथे लिहिताना मात्र ‘ती’ म्हणणार. कागदावर कोण ऐकतंय? तर माझ्या पहिल्याच आठवड्यात तिने घरातला स्टोव्ह सुटा करून परातीत मांडला होता आणि सासूबाईंनी बोलणी मला घातली. पुढे ती टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला लागली, विधवा झाली, आजी झाली, पण हातातला पाना काही सुटला नाही. नळाचा वॉशर बदलायला माणूस बोलावणं म्हणजे घास भरवायला माणूस ठेवणं, असं ती म्हणते. माझ्या घरी चहाला आली की आधी मोरीतला नळ पिळून बघते, मग ‘कशी आहेस?’ विचारते.

निवृत्तीनंतर लोक जपमाळ घेतात, हिने शाळेची जुनी व्हॅन घेतली. त्यात दोन बाकांचे पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि खाली पाण्याची टाकी. तिच्या मुलाकडे वारज्याला गाडी लावायला जागा नाही, म्हणून व्हॅन कोथरूडला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी. नवऱ्याचा जुना शर्ट घालून नणंद दिवसभर गाडीखाली उताणी. एकदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाकून विचारलं, “काकू, काही हरवलंय का?” आतून आवाज आला, “हो, तुमची अक्कल शोधतेय. इथे तरी नाहीये.”

तिची इच्छा एवढीच होती, की स्वतः गाडी चालवत गुहागरला जायचं आणि सकाळी समुद्रासमोर, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या नळाच्या पाण्याचा चहा करून प्यायचा. पण तिला काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, यंदा उजेडात चालवा, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, “आई, एकटी जायचं नाही. मामी येत असेल तर जा, नाहीतर दिवाळीनंतर गाडी विकतो.” म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि मी म्हटलं, “तुमच्या टाकीच्या पाण्याला वास येतो. मी ते पिणार नाही.”

वास येत होता हे खरं. टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत हिरवं शेवाळ धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने ती सगळी नळी ओढून बाहेर काढली, सापाच्या कातीसारखी. बोहरी आळीत जाऊन नवी नळी, क्लिपा, पंप आणि तळाला पाणी सोडायचा कॉक आणला. पेलाभर पाणी माझ्यापुढे धरलं. मी हुंगून म्हटलं, “प्लास्टिक.” तिने टाकी काढून स्टीलची बसवली. मी म्हटलं, “औषधासारखं लागतंय.” तिने चार वेळा टाकी धुतली. मग मी म्हटलं, “आता तर कसलाच वास येत नाही. अशा पाण्याचा भरवसा काय?” ती पाना घेऊन पुन्हा गाडीखाली गेली. खरी गोष्ट अशी, की पाण्याचं मला काही नव्हतं. बाळंतपणं आणि लग्नकार्यं सोडली तर मी घराबाहेर कधी झोपले नव्हते, आणि या वयात मला भीती वाटत होती. तसं सांगायची लाज वाटे, म्हणून पाण्याला नावं ठेवत होते. बाई बोटांनी चाचपून एकेक जोड पुन्हा आवळतेय हे खिडकीतून दिसत होतं. शेवटी माझी मलाच शरम वाटली आणि मी पिशवी भरली.

निघताना तिने माझ्या घरच्या नळाचं साठ लिटर पाणी टाकीत भरलं, खास माझ्यासाठी. दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी गुहागर गाठलं. रात्री मला झोप चांगली लागली, याचा मला रागच आला. पहाटे उठले. साठ वर्षांची सवय अशी, की सकाळ झाली की कालचं पाणी शिळं. आधी ओतायचं, मग ताजं भरायचं. अर्धवट झोपेत मी तळाचा कॉक उघडला आणि टाकी रिकामी झाल्यावरच बंद केला. मग आठवलं, की ताजं भरायला इथे नळच नाही.

नणंद उठली, भांडं धरलं, नळ सोडला. पंप कोरडाच घरघरला. तिचा चेहरा पडला. “कुठेतरी गळतंय,” म्हणाली आणि वाळूत आडवी होऊन एकेक जोड चाचपू लागली. मी चार जोडांपर्यंत गप्प होते, हे लिहून ठेवते. मग म्हटलं, “वन्सं, गळत नाहीये. मी ओतलं.”

“सगळं?”

“शिळं झालं होतं.”

ती केसांतल्या वाळूसकट बाहेर आली. समोर एवढा समुद्र आणि चहाला पाणी नाही. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, “म्हणजे माझे जोड पक्के आहेत तर!” आणि खदखदून हसली.

मी पातेलं घेऊन जवळच्या घरी गेले. अंगण झाडणाऱ्या बाईंनी विचारलं, “पुण्याहून येताना पाणी नाही आणलंत?”

“आणलं होतं. शिळं झालं म्हणून ओतलं.”

“अगो बाई! मग आमच्या विहिरीतलं तर आजेसासऱ्यांच्या वेळचं आहे. चालेल ना?”

चालवलं. ते पाणी टाकीत ओतून, नळातून काढून नणंदेने चहा केला. मचूळ होता. मी दोन कप प्याले.

पुढच्या वर्षी गाडी विकली. आता तिला समोरचं तेवढंच दिसतं, कडेचं नाही. वारज्याला सहाव्या मजल्यावर खिडकीशी बसते. खालून हायवे जातो. मी गुरुवारी बसने जाते. ती आवाजावरून कुठला ट्रक कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगते, आणि चुकली तरी मी हो म्हणते. परवा मधेच म्हणाली, “वहिनी, पुन्हा येशील?”

मी म्हटलं, “कशात बसून? गाडी विकली, तुम्हाला दिसत नाही, मला चालवता येत नाही.”

“ते नाही विचारलं. येशील का?”

“येईन,” मी म्हटलं, आणि उगीचच खाली रस्त्याकडे बघत बसले.