शिशाची परीक्षा

नव्वदच्या दशकात मी काय काम करतो हे सांगणं अवघड होतं. दूर एका खाणीत, जमिनीखाली खोल, भौतिकशास्त्राचा प्रयोग उभा राहणार होता. त्यात जाणारी प्रत्येक वस्तू, तार असो की स्क्रू, किरणोत्सर्गापासून जवळजवळ मुक्त आहे का, हे मी नाशिकच्या एका छोट्या प्रयोगशाळेत तपासत असे. किरणोत्सर्ग थोडाफार सगळ्यातच असतो, केळ्यातसुद्धा. आई शेजारणींना सांगायची, "तो वस्तू पास-नापास करतो." याहून नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही.

या कामात स्वच्छता म्हणजे कडक सोवळं. हातमोजे, डोक्याला टोपी, वस्तू आम्लात धुणं. मी यावर इतकी प्रवचनं झोडायचो की मी येताना दिसलो की सहकाऱ्यांना चहाची तल्लफ यायची.

बाहेरचा किरणोत्सर्ग अडवायला प्रयोगाभोवती शिशाची भिंत लागते. शिसं जितकं जुनं तितकं शांत, कारण त्याच्यातला किरणोत्सर्ग काही दशकांत ओसरतो. आणि आमच्या घरी शिसंच शिसं. बाबांचा पंचवटीत छापखाना होता. कॉम्प्युटर आले आणि तो बंद पडला, पण खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, लाकडी खणांत तशीच राहिली होती. सातपूरचे भंगारवाले यायचे, बाबा त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. मी मात्र ऐटीत म्हणालो, "बाबा, खिळे वितळवून भिंत करू. विज्ञानाच्या कामी येतील."

पोटच्या पोराला नाही कसं म्हणणार? "आधी तपासून तर बघ," एवढंच ते म्हणाले. मूठभर खिळे पुडीत बांधून दिले आणि निघताना माझ्या कपाळाला अंगारा लावला.

निकाल नापास. आलेखात पोटॅशियमचं, म्हणजे केळ्यातल्याच किरणोत्सर्गाचं, शिखर ताठ उभं. मी दिसेल त्याच्यावर तोंडसुख घेतलं आणि मग मला आठवलं. मोजणीआधी पुडी हातातून पडली होती आणि एक खिळा पायाला लागला होता. अक्षराला पाय लागल्यावर आपण जे करतो तेच मी केलं. टोपी मागे सरकवून, भक्तिभावाने, खिळा उचलून कपाळाला लावला. अंगारा म्हणजे राख, आणि राखेत पोटॅशियम भरपूर.

चेहरा पाडून पुडीसकट घरी गेलो. "बाबा, खिळे नापास झाले."

"अरेरे," बाबा म्हणाले, आणि आत वळून आईला म्हणाले, "अगं, आज शिरा कर."

मी आपला त्यांची समजूत घालत राहिलो. चूक माझीच आहे, धुऊन पुन्हा मोजतो, या वेळी नक्की पास होतील. बोलता बोलता बघतो तर बाबांचा चेहरा उतरत चाललेला. केळ्यातला किरणोत्सर्ग शोधणाऱ्या मला समोर बसलेला बाप दिसत नव्हता.

"नापास झालेल्याला परत कशाला परीक्षेला बसवतोस?" ते हळूच म्हणाले. "राहू दे की त्याला घरी."

मला माझीच लाज वाटली. प्रयोगाला शिसं दुसरीकडून मिळालं असतं, तसं ते पुढे मिळालंही. मी पुडी सोडली आणि खिळे जागेवर लावायला बसलो. उलटी अक्षरं मला वाचता येईनात. 'म' म्हणून 'भ' भलत्याच खणात टाकला.

बाबांनी तो काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"टाकू नकोस," ते म्हणाले. "ठेव."