पुलावर न बोलणाऱ्या ताराकाकू

आमच्या शेजारच्या ताराकाकूंइतकी बडबडी बाई अख्ख्या बडोद्यात सापडली नसती. पण विश्वामित्रीचा पूल आला की तोंडाला कुलूप! पदर तोंडावर धरून गप्प. नदीतल्या मगरींचं त्यांना काही नव्हतं. "मगरी मेल्या पोटापुरतं खातात गं," म्हणायच्या. भीती होती साती आसरांची. पाण्यात राहणाऱ्या या सात अप्सरा माणसाचा आवाज ओळखतात, आवडलेल्याला ओढून नेतात, आणि ओली बाळंतीण तर त्यांना हवीच असते, अशी काकूंची खात्री. मी हसले की खवळायच्या. "हस, हस. केबल टीव्हीवाली पोरं तुम्ही!"

त्यांची सून सुनंदा बाळंत झाली आणि बारशाआधीच तापाने फणफणली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, बाळंतपण झालं त्या नदीपलीकडच्या हॉस्पिटलात आत्ताच्या आत्ता हलवा. मुलगा मकरपुऱ्याला कामावर. मी पीसीओवरून कंपनीत निरोप ठेवला, रिक्षा आणली, तर काकू दार अडवून उभ्या.

"आसरा लागल्यात तिला. पाण्यावरून नेलीस तर परत यायची नाही."

माझं डोकंच फिरलं. "काकू, पोरगी हातची जाईल!"

आत सुनंदा कण्हली. काकूंनी वळून पाहिलं. मग बाळ माझ्या आईकडे दिलं आणि आसरांना बाळंतीण आपणच वाटावी म्हणून सुनेची हिरवी साडी स्वतःभोवती गुंडाळून रिक्षात बसल्या.

पूल आला. सुनंदाचं डोकं माझ्या मांडीवर भाजत होतं. तेवढ्यात काकू बाहेर वाकून ओरडल्या, "बायांनो, मी तारा! आवाज ओळखून ठेवा. हिला सोडा. परत येताना मी चालत येते, मला न्या!"

"मासी, अंदर बेसो ने!" रिक्षावाला घाबरला.

संध्याकाळी मुलगा पोचला, डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. काकूंनी चपला घातल्या. मी रिक्षा थांबवली तर म्हणाल्या, "शब्द दिलाय मी."

पुलाच्या मध्यावर त्या कठडा धरून थांबल्या. खरं सांगते, मला हसू आलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी सोडवून घेतलं.

"लांब उभी राहा. तुझं नाव नाही घेतलेलं मी."

मागून स्कूटर जात होत्या. खाली पाणी नुसतं वाहत होतं. बऱ्याच वेळाने काकू मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "आल्या नाहीत गं!"

पुढे पुष्कळ वर्षांनी काकू घरीच, अंथरुणात गेल्या. माझा आसरांवर आजही विश्वास नाही. पण काकूंचा होता, पुरता होता, आणि तरी त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या.