भोंग्यावरची मोटर

माझी पहिली रेकॉर्ड छापून यायची होती आणि माझ्याकडं रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. हसा, खुशाल हसा. आता मलाही हसू येतं. पण त्या दिवशी बदनापूरच्या पोस्टातून ते चौकोनी पार्सल छातीशी धरून घरी येताना हसू कुठलं!

मी जालन्याला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. बदनापूरला खोली घेऊन राहते, सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. उरलेल्या वेळात लॅपटॉपवर आवाजांशी खेळते. मशिनींचे, पत्र्यांचे, पाण्याचे खरे आवाज टिपायचे आणि त्यांचं गाणं करायचं. पेटी नाही, तबला नाही, शब्द तर नाहीतच. जगात ह्याला प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. आमच्या घरी ह्याला ‘पोरीचं घुंघुं’ म्हणतात.

असलंच घुंघुं मी इंटरनेटवर टाकलं होतं. ते परदेशातल्या एका बाईंना सापडलं. बाईंची एकटीची लहानशी कंपनी आहे. असले विचित्र आवाज त्या काळ्या तबकडीवर छापतात. बशीएवढी तबकडी, एका बाजूला एकच गाणं. जगभरातले आमच्यासारखे येडे त्या विकत घेतात. बाईंनी विचारलं, तुमच्या दोन गाण्यांची तबकडी काढू का? मी ‘हो’ लिहिलं आणि खोलीत एकटीच नाचले. खोटं कशाला बोलू, इंटरनेटवरची गाणी कुणीही बोटानं सरकवून पुढं जातं. मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं. फार हवं होतं.

तर पार्सलात नमुन्याची तबकडी होती. पांढरं कोरं लेबल, त्यावर काही लिहिलेलं नाही. रीत अशी की कारखाना आधी चार-दोन नमुने काढतो. ते ज्याचं गाणं त्यानं ऐकायचे आणि हो की नाही ते कळवायचं. हो म्हटलं की मशिन चालू होतं आणि सगळ्या प्रती हुबेहूब त्या नमुन्यासारख्या निघतात. मग चूक सापडली तरी बोंबलून उपयोग नाही. बाईंनी लिहिलं होतं, ‘मी ऐकलं, मला छान वाटतंय. शुक्रवारपर्यंत तुमचं कळवा.’ पार्सल वाटेत रेंगाळलं होतं, त्यामुळं माझ्या हातात तीनच दिवस उरले होते.

जालन्यात इलेक्ट्रॉनिक्सची पाच-सहा दुकानं पालथी घातली. एकानं विचारलं, “मॅडम, शोपीस पाहिजे का?” मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी वैतागून गावी फोन लावला, तो घेतला अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. तासाभराच्या वाटेवरच्या गावात आमची शेती आहे.

“रेकॉर्डचा बाजा व्हय? तीर्थपुरीला हाय की. तुझ्या आईच्या गावचा मंडपवाला मामा. आमच्या लग्नात त्यानंच लावल्ता.”

“चालतो का अजून?”

“मामा का बाजा?”

“अण्णा, बाजा!”

“ते काय म्हाईत न्हाई. मामा चालतो, काठी घेऊन.”

गुरुवारी मी रजा टाकली. अण्णा मोटारसायकल घेऊन पहाटेच आले आणि आम्ही बापलेक तीर्थपुरीला निघालो. तबकडी दोन उशांच्या मधे घालून मी मांडीवर घेतली होती. खड्डा आला की अण्णा म्हणायचे, “धर गं, लेकरू धर,” आणि स्वतःच खो-खो हसायचे.

मामाचं गोडाऊन रस्त्यालाच होतं, चहाच्या टपरीला लागून. मंडपाचे बांबू, घडीच्या खुर्च्या, आणि एका कोपऱ्यात पोत्याखाली तो बाजा. मामानं पोतं काढलं, फडक्यानं धूळ पुसली, सुई बोटावर टेकवून बघितली. बाजा चालू झाला! माझा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार वेळ राहिला नाही. मामानं वायर नेऊन बाहेर बांबूवर बांधलेल्या भोंग्याला जोडली.

“मामा, अहो, भोंग्यावर नको. मला एकटीलाच ऐकायचंय.”

“डीजेचे डबे समदे लग्नाला गेलेत. आवाज निघाया दुसरी जागाच न्हाई.” मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, “गाणं तूच केलंस ना? मंग लोकांनी ऐकलं तर लाजतीस कशापायी?”

एवढं बोलून त्यानं खिशातून रुपया काढला आणि सुईच्या डोक्यावर ठेवायला निघाला. मी किंचाळलेच.

“अगं, लोक नाचाया लागले की सुई उडती. रुपया ठेवला की बसती जागच्या जागी.”

“इथं कोण नाचणार आहे, मामा?”

“काय सांगावं,” मामा म्हणाला, पण रुपया खिशात घातला.

पहिल्या बाजूवर आमच्या विहिरीच्या काठावरची जुनी मोटर आहे. स्टार्टर पडतो, मोटर उचलते, आणि मधेच मी तिला घुमायला लावलंय. तीन फेजमधला एक गेला की मोटर जशी जागच्या जागी गुरगुरते, तशी. शेवटी लाईट जाते आणि मोटर मंदावत मंदावत थांबते. हे सगळं आता भोंग्यातून अख्ख्या रस्त्यावर निघालं.

घुमण्याचा तो भाग आला आणि टपरीवरचा एक जण चहा टाकून उठला. “अरे कुणाची मोटर घुमून राह्यली? जल्दी बंद करा, जळंल!” दुसऱ्यानं मोबाईल काढून घरबसल्या मोटर चालू-बंद करायचं ॲप बघितलं आणि ओरडला, “माझी तर बंद हाय!” तिसऱ्यानं सरळ बायकोला फोन लावला आणि विहिरीवर जाऊन बघायला सांगितलं. मी खुर्चीवर बसून पोट धरून हसत होते. अहो, असे श्रोते कुणाला मिळतात? बाकीच्या जगात माझं गाणं ऐकून लोक फार तर मान डोलावतात. इथं माणसं पळत सुटली होती! इतका आनंद मला त्याआधी कधीच झाला नव्हता. आता काय, बाईंना हो कळवायचं आणि मोकळं व्हायचं.

अण्णा तेवढे हसत नव्हते. भोंग्याखाली कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून ते उभे होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

परत लावलं. संपल्यावर अण्णा म्हणाले, “ह्यात एक टक्-टक् हाय. ती आपली न्हाई.”

“धूळ असेल, अण्णा.”

“धूळ अशी बराबर ठोक्यावर वाजत न्हाई.”

“मग मामाची सुई जुनी आहे. नाहीतर भोंगा फाटलाय.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” मामा आतून म्हणाला.

मला राग आला. बाईंनी ऐकलं होतं, त्यांना छान वाटलं होतं. मी स्वतः आत्ताच दोनदा ऐकलं होतं. उद्या शुक्रवार. आणि ज्यांनी माझं एक गाणं धड ऐकलं नव्हतं ते आज मला चूक दाखवत होते. मी म्हणाले, “अण्णा, इथं मोटर दुरुस्ती चालू नाही. हे संगीत आहे.”

अण्णा चिडले नाहीत. मला समजावून सांगायला लागले. “हे बघ, माय. लाईट गेली की मोटर मंदावती. मंग तिचे समदे आवाज मंदावतात. पंख्याचा, बेरिंगचा, पाण्याचा, समदे. ही टक्-टक् मंदावत न्हाई. मोटर मरायला टेकली तरी तिचं आपलं चालूच. म्हंजी ती मोटरीतली न्हाईच. दुसऱ्याच कशाची तरी हाय.”

फिजिक्सच्या लॅबमध्ये मी आणि हे मला कळू नये! मामानं लगेच आपली एक जुनी लग्नातली रेकॉर्ड लावली. त्याच सुईवर, त्याच भोंग्यावर. टक्-टक् नव्हती. माझी परत लावली, होती. मग ती मला ऐकू यायला लागली आणि दुसरं काही ऐकूच येईना. तबकडीच्या दर फेऱ्याला एक टक्. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिथूनच बाईंना कळवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं: ती टक्-टक् तुमचीच आहे असं मी समजत होते! त्यांनी जवळचे सगळे नमुने तपासले, सगळ्यांत होती. छापायच्या साच्यातच खोट होती. पुढं त्यांनी लिहिलं, ‘पण खरं सांगू, मला ती आवडली आहे. असू द्यायची का? नाहीतर साचा नव्यानं करावा लागेल. कारखान्यात पुन्हा नंबर लागेल, आणि कधी लागेल ते मी सांगू शकत नाही.’

आता खरं घोडं अडलं. आमच्या ह्या संगीतात चुकून आलेल्या आवाजाला लोक डोक्यावर घेतात. असू द्या म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, आणि रेकॉर्ड महिन्याभरात हातात पडली असती. नको म्हटलं तर कदाचित कधीच नाही. मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुझं गाणं हाय, तू ठरव.” आणि चहा सांगायला टपरीकडं गेले.

पाठमोऱ्या अण्णांकडं बघत मी बसले. मोटर घुमली की घाबरणारे रस्त्यावर खूप होते. पण गाण्याच्या पोटात शिरून इतकं ऐकणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. बाईंना मी लिहिलं: नको, साचा नव्यानं करा, मी थांबते. पाठवलं आणि एकदम हलकं वाटलं. निघताना मामानं बाजा आमच्या स्वाधीन केला. “घेऊन जा. भोंगा तेवढा ऱ्हाऊ दे.”

पुढं बरेच महिने गेले. दुसरा नमुना आला तो मी सुट्टीत गावी घेऊन गेले. बाजा लॅपटॉपच्या स्पीकरला जोडला आणि दुसरी बाजू आधी ऐकून घेतली, ती ठीक होती. मधल्या काळात अण्णांनी मोटरीचं बेरिंग बदललं होतं. ते गेलंय हे त्यांना भोंग्यावर ऐकूनच कळलं होतं म्हणे. आता मोटर अशी चालायची की चालू आहे का बंद, ते हात लावून बघावं लागे.

मी सुई टेकवली. अण्णा खाली मांडी घालून बसले, डोळे मिटले. टक् नव्हती. मोटर मंदावत गेली, थांबली. अण्णांनी डोळे उघडले. मग आत भाकरी थापणाऱ्या आईला त्यांनी हाक मारली, “अगं, ये की हिकडं. ऐक. आपली जुनी मोटर. पोरीनं जशीच्या तशी ठेवलीय बघ.”

मी त्या मोटरीचे दोनशे तुकडे केले होते. उलटे केले होते, ताणले होते, एकमेकांवर चढवले होते. त्यातलं काही मी त्यांना सांगितलं नाही. आई पिठाचे हात घेऊन येऊन बसली. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि बाईंना लिहिलं, हो.