गोठ्याला वीज नेली तेव्हा

सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक फिकट चौकोन दिसतो. त्या भिंतीला दोनदा रंग दिला, तरी तो चौकोन रंगाखालून वर येतोच. काल सकाळी केर काढताना दारातलं तिरपं ऊन नेमकं त्याच्यावर पडलं आणि मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. तिथे आमचा जुना लाकडी बोर्ड होता. त्यात चिनी मातीचे दोन पांढरे फ्यूज होते, काळी गोल बटणं होती, आणि मागच्या फटीत एक पाल कायमची राहायला होती. पावसाळी हवेत त्याच्यातून तापलेल्या धुळीचा वास यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला तो वास परका वाटला होता. मग तो या घराचाच वास झाला, आणि बोर्ड गेल्यावर कितीतरी दिवस घर मला घरासारखं वाटेना.

तो बोर्ड बसवला होता थोरल्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी. ते गिरणीत वायरमन होते. त्यांची बायको लवकर गेली आणि ते आमच्यातच राहिले. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडाने बोलायचं नाही, अशी रीत. डोक्यावरचा पदर सावरायचा, ते बसले असतील तिथून जायचं झालं तर आधी दाराची कडी वाजवायची. कडी वाजली की ते नजर न वळवता उठून बाजूला व्हायचे. यात कुणाचा राग नव्हता की धाक नव्हता. उलट त्या बाजूला होण्यात एक आब होता. पहिल्यांदा कडी वाजवली तेव्हा एवढा मोठा माणूस माझ्यासाठी उठला, म्हणून मी लाजेने अर्धी झाले होते. बोलायचं काही असलं तर ते माझ्या मुलीच्या तोंडून जायचं. मुलगी लग्न होऊन जयसिंगपूरला गेली, मग निरोप न्यायला सासूबाई राहिल्या. त्यांना मी आत्ती म्हणायची. अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली काढली, पण भाऊजींचं माझ्याशी आणि माझं त्यांच्याशी एक वाक्य झालेलं नव्हतं. मुळातच मी अबोल. मला ही रीत जड गेली नाही, उलट तिच्या आडोशाला बरं वाटायचं. आडोशात माणूस भिजत नाही तसं वाढतही नाही, हे फार उशिरा कळलं.

घरामागच्या परड्यात आमचा पत्र्याचा गोठा आहे. तिथे तोवर घरातून ओढलेल्या एका वायरीवर एक दिवा जळायचा. म्हशी दोनाच्या तीन झाल्या, कडबा हाताने तोडून माझे खांदे भरून यायला लागले, तेव्हा भाऊजींनीच कडबा बारीक करायची कुट्टीची मोटर घ्यायचं काढलं. आता मोटर म्हटल्यावर जुन्या बोर्डाला तो भार पेलणार नव्हता. गिरणीतून निवृत्त होऊन ते घरी बसले होते, हातांना काम हवं होतं. आठवडाभर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मीटरपासून जाड वायर घेतली, लाकडी बोर्ड उतरवला, शेजारी पत्र्याची पेटी बसवली, तिच्यात खटके ओळीने लावले. शेवटचा खटका गोठ्याचा. भिंतीवरून, न्हाणीवरून, परड्यातून पाइपात घालून वायर गोठ्यापर्यंत नेली, दिवे लावले, पंखा लावला, कुट्टी बसवली. पहिल्यांदा मोटर फिरली तेव्हा ते आत्तींना म्हणाले, "आता तेवढा टीव्ही बसवायचा राहिलाय बघ, म्हशी मालिका बघत बसत्याल." आत्ती हसल्या, मी चुलीपुढे पदराआड हसले. माझ्या खांद्यांसाठी एवढं केलं या माणसाने, असं वाटून डोळे भरून आले. तेही निरोपाने कसं सांगायचं, म्हणून सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. घरात वीज आली तेव्हाच भाऊजींनी न्हाणीमागे खड्डा घेऊन अर्थिंग केलं होतं. कुठे वीज गळाली तर ती या वाटेने जमिनीत जाते, पण त्यासाठी तिथली माती ओली पाहिजे. म्हणून त्यांनी खड्डा मुद्दाम न्हाणीच्या सांडपाण्यावर घेतला होता. घरातली माणसं रोज अंघोळ करणार आणि माती आपोआप ओली राहणार, असं त्यांचं साधं गणित. तिथे अळू माजलेलं असायचं. आदल्या साली मीच आत्तींकरवी निरोप धाडला होता की परड्यात पाणी साचून डास होतात, न्हाणीला पाइप टाकून पाणी गटारीत सोडावं. दोन दिवसांत पाइप पडला. अळू वाळलं, खोलवरची माती कोरडी होत गेली, वर मी झेंडू लावला. माझा जो एक निरोप जसाच्या तसा पोचला, तो हा.

चैत्र संपत आला तशी आमची थोरली म्हैस पाणी पिईना. तिला आम्ही नाव ठेवलं नव्हतं, नुसती थोरली म्हणायचो. हौदावरच्या लोखंडी पाइपाखालून ती मान घालायची आणि झटका बसल्यासारखी मागे यायची. दोन पावलं सरकून माझ्याकडे बघत राहायची. बादलीतलं पाणी मात्र गटागटा प्यायची. दूधही चोरायला लागली. मी दोन दिवस नुसती बघत होते. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी उभी राहून बघावं असं वाटलं. चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि पाइपाला बोट लावलं. मोटर बंद असतानाही बोटापासून कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. कुट्टीचा सांगाडा त्या पाइपाला टेकलेला होता. मला वायरीतलं काही कळत नाही, पण म्हशीला काय होतंय ते कळलं.

आमचे हे ट्रकवर असतात. फोन केला तर कर्नाटकात कुठेतरी होते. म्हणाले, "मग दादाला सांग की. त्यो काय वाघ हाय व्हय?" त्यांना ते सोपं होतं. मी आत्तींना सगळं सांगितलं, चपला काढल्यापासून मुंग्यांपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं सांगू व्हय त्याला? उभा जलम त्यानं वायरीत घातला. तुझ्या कामात खोट हाय, असं म्हातारपणी आईनं म्हणायचं?" सोप्यात जाऊन त्यांनी भाऊजींना एवढंच सांगितलं की थोरली पाणी पीना झालीय. दाराआडून मी ऐकत होते. पुढचं आता म्हणतील, मग म्हणतील, म्हणून वाट बघत राहिले. भाऊजींनी सायकल काढली आणि डॉक्टरकडून पोटाची पावडर घेऊन आले.

आत्तींचा मला राग आला नाही. मुलाचा मान त्यांनी झाकला. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. मग मी माझ्यापुरता उपाय काढला. म्हशींना पाणी दाखवायच्या आधी सोप्यात कुणी नसताना गोठ्याचा खटका खाली करायची, आणि नंतर वर करून ठेवायची. थोरली पाणी पिऊ लागली. पावडरीने गुण आला, असं भाऊजी आनंदाने आत्तींना म्हणाले. पंधरा-वीस दिवस असे गेले. रोज वाटायचं, आज सांगावं. भाकरी थापताना मनात वाक्य तयार करायची, त्यातले शब्द मागे-पुढे करायची. भाऊजींची पावलं ऐकू आली की सगळे शब्द कुठल्या कुठे जायचे. भित्र्या माणसाला एक तात्पुरता उपाय सापडला की तो त्यातच घर करून राहतो.

त्या दिवशी म्हशींना पाणी दाखवायला खटका खाली करून ठेवला होता आणि आधी मी धुणं वाळत घालत होते. भाऊजींना खटका खाली दिसला असावा. कुणाच्या तरी हाताने पडला असेल म्हणून त्यांनी तो वर केला आणि कुट्टी करायला गोठ्यात गेले. गोठ्याच्या उंबऱ्यावर ते नेहमी चपला काढायचे. लक्ष्मीच्या जागेत पायताण नको, म्हणायचे. मी मागच्या दारात आले तेव्हा मोटर चालू होती. थोरली, या दिवसांत पाइपाची भीती मोडलेली, हौदाकडे वळत होती आणि भाऊजी, अनवाणी, त्या पाइपावर हात टेकायच्या बेतात होते. पेटी सोप्यात होती, मधे तीन खोल्या. ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांना हाक मारायचा शब्दच कधी तोंडात आलेला नव्हता. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, दाराची कडी वाजवली. एकदा नाही, पाच-सहा वेळा, जिवाच्या आकांताने. भाऊजींनी ती ऐकली. त्यांना वाटलं, मला आत यायचंय. त्यांनी हात मागे घेतला, नजर खाली केली, आणि नेहमीच्या आदबीने गोठ्याच्या बाहेर येऊन पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे थोरलीने पाण्यात तोंड घातलं.

मी पळत जाऊन खटका पाडला, तोवर ती पडली होती. एवढं मोठं जनावर, आवाजसुद्धा न करता गेलं.

भाऊजी बराच वेळ तिच्याजवळ बसून होते. मग उठून त्यांनी न्हाणीमागचा खड्डा उकरला. माती राखेसारखी कोरडी निघाली. ती मूठभर हातात घेऊन ते मागच्या दाराशी आले. आत्ती आणि मी तिथेच उभ्या होतो. तोंड भिंतीकडे आणि मान खाली ठेवूनच ते बोलले, पण यावेळी आत्तींशी नाही.

"तुला ठावं हुतं. मला का न्हाई सांगितलंस, पोरी?"

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी आत्तींकडे बघितलं. त्यांनी जमिनीकडे बघितलं. ते हातातली माती तिथेच टाकून गेले.

नंतर त्यांनी सगळं नीट केलं. खड्ड्यात मीठ, कोळसा घातला, मोटर बदलली, जरा वीज गळाली तर आपोआप पडेल असा वेगळा खटका बसवला. रोज सकाळी स्वतः घागरभर पाणी त्या खड्ड्यावर घालतात. आत्ती दोन वर्षांनी गेल्या. शेवटच्या दुखण्यात एकदा माझा हात धरून त्यांनी काहीतरी म्हणायला घेतलं होतं. मी त्यांना निजा म्हणाले. आता घरात निरोप न्यायला कुणी नाही. माझ्या मुलीकडे तिचे थोरले दीर तिला सकाळी चहा करून देतात, दोघं मोबाइलवर एकमेकांची चेष्टा करतात. रीत सगळीकडून निघून गेली, तशी आमच्याही घरातून गेलीच असेल. तिला धरून ठेवणारं कुणी उरलेलं नाही, आम्हा दोघांशिवाय.

त्यांचा प्रश्न तसाच राहिला आहे. मी सांगितलं होतं, हे त्याचं खरं उत्तर. पण ते दिलं तर दोष आत्तींवर जातो, आणि त्या आता आपली बाजू मांडायला नाहीत. नाही दिलं तर, ही जाणूनबुजून गप्प बसली, असं मनात धरूनच ते एक दिवस जातील. मुलीच्या उरलेल्या वह्यांत मी हे कितीदा लिहिलं आणि पानं फाडली. कागदावर मला सगळं सांगता येतं.

आज सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि तोंडातून "भाऊजी" एवढं निघालं. त्यांनी पेपर खाली केला. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, इतकी वर्षं ते याचीच वाट बघत असावेत. मी म्हणाले, साखर कमी पडली असेल. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला. "बरोबर हाय," म्हणाले, आणि पुन्हा पेपर वर धरला. मी चुलीपाशी आले. एवढी वर्षं साठवलेल्या बोलण्याला वाट मिळाली आणि तिच्यातून साखर तेवढी बाहेर आली. आमच्या दोघांचेही केस पांढरे झाले. उद्या सकाळी पुन्हा चहा होईल, एवढं आज तरी धरून चालायचं.