दोन बोटं उघडी काच
तुपात रवा भाजल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. शहराच्या डाउनटाउनमध्ये मी रेस्टॉरंट उघडलं तेव्हा शेजारच्या दुकानांच्या फुटक्या काचांवर प्लायवूड ठोकलेलं होतं, म्हणूनच घासाघीस करून मला ती जागा परवडली. पहिल्या दिवशी सत्यनारायण घातला, शहराबाहेरच्या डब्लिन या उपनगरातल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना बोलावलं आणि परातभर शिरा केला. आलं एकच जोडपं, तेही गाडीतून उतरेना. इंजिन चालू, दारं लॉक. शेवटी मीच द्रोण घेऊन रस्त्यावर गेलो. काकूंनी काच जेमतेम दोन बोटं खाली केली. "अरे, इथे भरदिवसा लुटतात म्हणे! ग्रुपवर व्हिडिओ आलाय." मी म्हटलं, "काकू, समोर लोक निवांत बसची वाट बघतायत. निदान प्रसाद तरी घ्या." फटीतून द्रोण आत जाईना. काकूंनी काचेआडूनच हात जोडले, काकांनी गाडी काढली आणि गरम शिरा माझ्या नव्या शर्टावर सांडला. आता त्याच रस्त्यावर पार्किंग मिळत नाही. काल काकूंचा फोन आला, "शनिवारी टेबल दे ना, आपल्या माणसांना कसली रे वेटिंग लिस्ट?" मी म्हटलं, "टेबल कशाला? गाडीतच बसा. काच दोन बोटं उघडा, मावेल तेवढं देतो."