डावी कळी

हे मी आजवर कुणाजवळही बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. शेवटच्या दिवसांत तिला ऐकू येत नव्हतं, तेव्हा तर बोलायला काहीच हरकत नव्हती — तरी नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या गावात मला फार चांगलं ओळखतात. अडचण तीच आहे.

गाव महाड आणि पोलादपूरच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून थोडं वर. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. महाडच्या एका व्यापाऱ्याची मालाची मोटारगाडी मी चालवत असे. सकाळी बाजारपेठेत मीठ, रॉकेलचे डबे, कांद्याची पोती भरायची आणि दुकानादुकानांत टाकत जायचं. एक दिवस पोलादपूर, एक दिवस तुडीलकडची गावं. दिवेलागणीला घरी. त्याच मालकाची दुसरी गाडी भिकूकडे होती. भिकू माझ्याच गावचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मला गाडी शिकवली ती त्यानेच.

त्या सुमाराला मुंबईच्या एका मालकाने पार बेळगावपर्यंत गाड्या सोडायला सुरुवात केली. त्याला जोडीने ड्रायव्हर हवे होते. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर झोपायचं, मग बदली करायची. गाडी थांबता कामा नये. भिकूने हे ऐकलं आणि त्याला दुसरं काही सुचेना. मला म्हणाला, "शंकऱ्या, म्हाताऱ्यांना रॉकेल पोचवतच मरनार काय रे? चल. तुझ्याबिगर मी कुनाच्या हाती गाडी देऊन झोपनार नाय."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं?

त्या मालकाच्या माणसाने आम्हा दोघांना एक खेप बघायला दिली. जाताना पोलादपूर सोडलं आणि कशेडी घाटात धुकं उतरलं. सकाळचे नऊ वाजले असतील. चाकावर भिकू होता, फळीवर मी. झोप, म्हणाला. मी डोळे मिटले — आणि मला वाटलं, गाडी कुणीच चालवत नाही. कसं सांगू? इंजिन ऐकू येत होतं, खालचा रस्ता पाठीला लागत होता, पण पुढे माणूस आहे असं काही केल्या वाटेना. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग मान उचलून बघितलं. भिकू ताठ बसला होता, काचेपलीकडे सगळं पांढरं, आणि त्याची पापणी हलत नव्हती. मी किती वेळ बघत होतो? वळण आलं, त्याचे हात फिरले, वळण गेलं. तेव्हा तो म्हणाला, "घाटात मी बोलत नाय. झोप गपचूप."

एवढंच. यात भिण्यासारखं काय होतं? काही नाही. पण त्यानंतर मला फळीवर डोळा मिटता येईना. दुसऱ्याच्या हाती जीव देऊन झोपायचं — ते माझ्याकडून होणार नव्हतं. आणि ते भिकूला सांगणंही होणार नव्हतं. ज्याने मला गिअर कसा टाकायचा ते हात धरून दाखवलं, त्याला कसं सांगू, की तुझ्या हाताखाली मला झोप येत नाही?

म्हणून मी देवीचं नाव काढलं. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट, आपण कौल लावू.

आमच्याकडे गावदेवीला कौल लावतात. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून गुरव देवीच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग आपलं म्हणणं सांगायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नाही. तेव्हाचा आमचा गुरव बाळूआबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कळ्या तो बोटांच्या सवयीने लावायचा, पण कोणती पडली ते जवळच्या माणसाने सांगायचं. आणि भिकूला त्याच आठवड्यात चुलत्याचं सुतक होतं. त्याला देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. सुतक फिटेपर्यंत थांबायलाही सवड नव्हती, मुंबईच्या माणसाला दुसऱ्या सकाळी महाडच्या स्टँडवर आमचा जबाब द्यायचा होता. बाळूआबा कुरकुरला, सुतकात देवीला कशाला तरास, म्हणाला. मी म्हटलं, मला सुतक नाही. दोघांसाठी मी विचारतो.

आता लक्षात आलं ना तुमच्या? आत एक आंधळा, एक मी. भिकू बाहेर पायरीखाली, चपला हातात घेऊन उभा.

दुपार होती. गाभाऱ्यात वारा नव्हता. आम्ही दोघांनी जोडीने गाडीवर जावं काय, असं बाळूआबाने विचारलं, आणि आम्ही गप्प झालो. डावी कळी जागची हलली नाही. उजवी मात्र — जणू कुणी बोटाने हळूच सोडवली — पडली. आवाज झाला नसणार. कळीचा कसला आवाज? मला तो ऐकू आला.

"कंची रे?" बाळूआबाने विचारलं.

मी म्हणालो, "डावी."

हे असं झालं. एक शब्द. तो बोलायला मला जोर लागला नाही, घाम आला नाही. मी वाकलो, पडलेली कळी उचलली आणि मुठीत धरली. पाषाणावर डावी तशीच चिकटलेली होती. बाळूआबाने सवयीने हात फिरवला असता तर त्याला कळलं असतं. त्याने हात जोडले.

मला वाटलं होतं, भिकू ऐकेल आणि विषय सोडून देईल. त्याने हातातल्या चपला खाली टाकून पायात घातल्या. मग हसला. "तुझ्यासंगं नको म्हनली असंल. दुसऱ्यासंगं जाऊ नको असं कुटं म्हनली?" पण हसताना त्याने देवळाकडे बघितलं नाही.

आठ दिवसांनी तो गेला. जोडीला खेडचा हसनभाई मिळाला, जुना आणि शांत माणूस. मी माझी पोती वाहत राहिलो. सहा-सात खेपा झाल्या असतील. मग एके दिवशी, जेवणवेळ टळल्यावर, लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर भिकूची गाडी कशेडीच्या उतारावरून खाली गेली. ना धुकं, ना समोरून गाडी. भिकू जागीच गेला. हसनभाई फळीवरून बाहेर फेकला गेला म्हणून वाचला.

मी त्याला भेटायला महाडच्या दवाखान्यात गेलो. का गेलो? बहुतेक त्याने ब्रेकचा दोष सांगावा म्हणून. त्याने तो सांगितला नाही. म्हणाला, "तो झोपतच नव्हता. माझी पाळी आली की फळीवर जायचा, पन डोळे उघडे. मग फळीवर जानंच सोडलं, माझ्या बाजूला बसून राहायचा — आनि मधे एका मानसाची जागा ठेवायचा. मी विचारलं, भिकू, ही कुनाची? तर म्हनाला, देवीनं नको सांगितलंन, तरी मी आलो. डोळा मिटला की ती हितं येऊन बसते."

दुसऱ्याच्या पाळीत जागायचा, म्हणून स्वतःच्या पाळीत डोळा लागला. हसनभाईने हे सगळं सांगून मला विचारलं, त्या देवीनं खरंच नको म्हटलं होतं काय?

मी म्हटलं, हो.

ही दुसरी वेळ. पहिली भीतीने होती, असं म्हणता येईल. दुसरीला काय म्हणू?

गावात मग एकच बोलणं झालं. शंकरने देवीचं ऐकलं, तो राहिला. भिकूने मोडलं, तो गेला. बाया आपल्या पोरांना माझ्या नावाने आशीर्वाद देऊ लागल्या. बाळूआबाने तर मला सोडलंच नाही. कुणाचाही कौल असो, शंकरला बोलवा, त्याचे डोळे देवीला मानवतात. पुढे सतरा वर्षं, बाळूआबा जाईपर्यंत, त्या गाभाऱ्यात कोणती कळी पडली ते मी सांगत आलो.

आणि इथे जे सांगतो त्यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या सतरा वर्षांत माझ्यासमोर उजवी कळी एकदाही पडली नाही. लग्न, जमीन, मुंबईची नोकरी, म्हशीचं दुखणं — डावी. मी सरकून दूर उभा राहून पाहिलं. डोळे मिटून उघडले. बाळूआबा पाणी कमी लावतो का, तेही बघितलं. उजवी तशीच चिकटून असायची, ओली, आणि डावी सुटायची. मी जे दिसे तेच सांगत होतो. लोक माना हलवत घरी जायचे, कुणाचं लग्न मोडायचं, कुणाचं गाव सोडणं राहून जायचं. देवी कडक झाली, म्हणायचे.

शेवटी अनसूया वहिनी आली. भिकूची बायको. थोरला विठू मोठा झाला होता, त्याला बापासारखी गाडी चालवायची होती. पोलादपूरच्या एका मालकाने बोलावलंही होतं. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या तोंडून येईल ते मी ऐकनार. तवा त्यांनी ऐकलं नाय." विठू मागे खांबाला टेकून उभा होता. हट्टी पोरगा, पण आईपुढे गप्प.

बाळूआबाने कळ्या लावल्या. मी मनातल्या मनात उजवीला म्हटलं, पड. एकदा पड.

डावी पडली.

मला खोटं बोलता आलं असतं. त्या पोरासाठी उजवी म्हणता आलं असतं; मला ते येत होतं, सगळ्यांत सोपं होतं. आणि तेव्हा मी खरं बोललो. म्हणालो, "डावी."

विठू निघून गेला. तो पुढे आयुष्यभर गावातच राहिला, वरच्या वाडीत दोन म्हशी आणि भाताचा एक तुकडा सांभाळत. रस्त्यावर गाडी वाजली की हातातलं काम थांबवून ऐकायचा. हे मी स्वतः बघितलं आहे, अनेकदा.

अनसूया वहिनी मात्र गेली नाही. तिने पदर सावरला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी खाली बसली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, माझं पोर वाचवलंत. बाळूआबा बाजूला हात जोडून उभा होता. तिचं कपाळ गरम होतं. बराच वेळ तिने डोकं उचललं नाही.

मी पाय मागे घेतले नाहीत.