म्हशीच्या शेपटीइतका पाऊस

सलालाहला जाऊन नुसती तक्रार करणारा माणूस अख्ख्या ओमानमध्ये एकच असेल, आणि तो मस्कतच्या हमरियात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. हे काका कुडाळकडचे, एसी दुरुस्त करणारे. मस्कत तापलं की एसीवाल्याला रजा मिळत नाही, आणि मस्कत तापतं नेमकं गावच्या पावसाळ्यात. एक पावसाळा घरी काढायचा, एवढंच काकांचं मागणं होतं. अर्बाब, म्हणजे त्यांचा मालक, दरवर्षी ‘इन्शाल्ला’ म्हणे आणि फार तर चार दिवस सोडी. मग आम्ही त्यांना गाडीत घालून सलालाहला न्यायचो. त्या दिवसांत तिथे भुरभुर पडते, डोंगर हिरवे होतात.

काका तिथे पर्यटक म्हणून नव्हे, इन्स्पेक्टर म्हणून उतरत. माड बुटके, केळी आखूड, धुकं पातळ. लोक मुद्दाम भिजायला डोंगरावर चटया अंथरून बसलेले दिसले की काका म्हणत, "ह्यो काय पाऊस? आमच्या म्हशीन शेपटी झटकल्यान तरी ह्येच्यापेक्षा जास्त पाणी उडता!" एकदा एका ओमानी आजोबांनी हाक मारून कहवा दिला. कप हलवून परत केला नाही, तर यजमान ओततच राहतो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तरी गावचा पाऊस हातवाऱ्यांनी समजावत ते कप पुढे धरून बसले ते बसलेच. आजोबा बिचारे ओतत राहिले.

तिथला रस्त्याकडेचा शहाळेवाला सावकाश सोलायचा. काका "यल्ला, यल्ला" करत. "चाचा, आराम से. ये मस्कत नहीं है," तो म्हणायचा. काका चरफडत त्याच्या बाकावर बसत आणि जेवायची वेळ टळली तरी उठत नसत. परतताना मात्र ठरलेलं वाक्य: "फुडल्या वर्साक माका इचारू नको."

यंदा ते निवृत्त होऊन ऐन जूनमध्ये गावी गेले. मला फार बरं वाटलं. ऑगस्टमध्ये आम्ही काकांशिवायच सलालाहला गेलो, पण पावसाला नावं ठेवायला कोणी नाही, म्हणून तो मला आवडेचना. शहाळेवाल्याने "चाचा किधर?" विचारलं, तेव्हा तिथूनच फोन लावला. पलीकडे कौलांवर पाऊस कोसळत होता. मी ओरडून विचारलं, "काका, मिळाला ना खरा पाऊस?"

"गावलो," काकाही ओरडले. "पण हंय तो बघूक कोण येणा नाय रे. सगळे दारां लावन घरात बसतत." मग म्हणाले, "थंय बाकार जागा आसा मां?"

आहे म्हणालो, आणि त्यांच्यापुरती जागा सोडून बसलो.